आठ मिनिटं, आठ पल्स

“किती व्होल्ट?”

अण्णांचा पहिला प्रश्न हाच. माझे वडील चौतीस वर्षं वायरमन होते; विट्याच्या आसपासच्या गावांत खांबांवर चढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मी इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात ओटी (ऑपरेशन थिएटर) नर्स आहे. त्या रविवारी हा विषय निघाला तो घरच्या ग्रुपवर चुलतभावाने टाकलेल्या एका फॉरवर्डमुळे. ‘करंट देऊन कॅन्सर मुळासकट बरा. केमो नको, ऑपरेशन नको.’ खाली कुठल्याशा डबड्यासारख्या यंत्राचा फोटो आणि एक मोबाईल नंबर. अण्णांनी तो मला पाठवून विचारलं होतं, तुमच्याकडं करतात ते हेच का?

ते हे नव्हे, एवढं आधी सांगून टाकते. त्या नंबरवर कुणी फोन करू नका. पण कॅन्सरच्या गाठीला आम्ही विजेच्या पल्स, म्हणजे क्षणभराचे झटके, देतो हे खरं आहे, आणि त्याचा गुण आलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. म्हणून हे एकदा नीट मराठीत लिहून ठेवतेय.

“चारशे,” मी म्हटलं. “सुयांच्या दोन ओळी असतात, मध्ये चार मिलिमीटर अंतर. त्या दोन ओळींमध्ये चारशे व्होल्ट.”

“अगं, म्हणजे थ्री फेजच की! मोटरचं कनेक्शन!”

“हो, पण एक पल्स म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग, अण्णा. अशा आठ. संपलं.”

पलीकडून काही ऐकू येईना. अण्णा हिशेब करत असणार. “म्हणजे धरायच्या आत सोडतोय,” ते म्हणाले. “करंटचं सगळं किती वेळ बसला त्यावर असतंय.” हे त्यांना कुणी शिकवायला नको. ओल्या हाताने विहिरीवरच्या स्टार्टरला हात लावल्याची खूण त्यांच्या उजव्या अंगठ्यावर अजून आहे.

या उपचाराचं नाव इलेक्ट्रोकेमोथेरपी. नाव मोठं आहे, पण त्यातली ‘केमो’ विसरू नका. गाठ मारतं ते औषध. वीज फक्त दार उघडते, तेही काही मिनिटांपुरतं. नुसत्या या पल्स दिल्या तर गाठ वाढायची ती वाढतच राहते. नुसतं हे औषध दिलं तरी अशा गाठींवर फारसा परिणाम होत नाही. दोन्ही एकत्र, आणि वेळ साधून दिली, तरच काम होतं. फॉरवर्डमधलं ‘केमो नको’ तिथेच खोटं पडतं.

औषधाचं नाव ब्लिओमायसिन. माझी त्याच्याशी ओळख मिरजेतली, शिकून नुकती नोकरीला लागले होते तेव्हाची. हॉजकिन या लसीकाग्रंथींच्या कॅन्सरच्या पेशंटना एबीव्हीडी नावाची केमो लागायची, त्यातला ‘बी’ म्हणजे हे. दर पंधरवड्याला यायची ही मुलं, वीस-बावीस वर्षांची. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरायचा, आणि सिस्टर आम्हाला सारखं बजावायच्या की छातीकडे लक्ष ठेवा, खोकला विचारा. ब्लिओमायसिनचा राग फुप्फुसांवर. डोस साठत गेला की फुप्फुसं कडक होऊ लागतात. त्यामुळे मला या औषधाची भीतीच जास्त होती.

जपानमध्ये हमाओ उमेझावा यांच्या प्रयोगशाळेने ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळवलं, १९६६ च्या सुमारास. पेशीच्या आत गेलं की ते डीएनएचे दोन्ही धागे तोडतं, कात्रीने कापावेत तसे. पण अडचण ‘आत गेलं की’ यातच आहे. हा रेणू पाण्यात विरघळणारा, अंगाने मोठा, आणि पेशीचं आवरण चरबीचं. आवरणावरच्या काही मोजक्या प्रथिनांच्या वाटेने थोडंसं आत शिरतं, बाकीचं रक्ताबरोबर फिरून लघवीवाटे निघून जातं. म्हणजे इतकं जहाल औषध नसेतून घालायचं, फुप्फुसांनी त्याचा त्रास सोसायचा, आणि ज्या पेशीसाठी घातलं तिच्या उंबऱ्यावरून ते परत फिरणार.

आता पेशीचं आवरण. त्याची जाडी ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक. आत आणि बाहेर साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो, आतली बाजू ऋण.

“म्हंजे प्रत्येक पेशी चार्जच असती म्हण की,” अण्णा म्हणाले.

असतेच. बाहेरून आपण सेंटिमीटरला १००० व्होल्टचं क्षेत्र लावलं, की पेशीच्या इलेक्ट्रोडकडच्या, म्हणजे सुयांकडच्या, दोन टोकांवर जादा विद्युतदाब पडतो. त्याचा हिशेब सोपा आहे: क्षेत्र गुणिले पेशीची त्रिज्या, त्याच्या दीडपट. पेशीची त्रिज्या १० मायक्रोमीटर धरा. उत्तर येतं दीड व्होल्ट. मी पहिल्यांदा हा गुणाकार कागदावर केला तेव्हा पुन्हा करून पाहिला. सुयांना चारशे व्होल्ट, आणि पेशीच्या वाट्याला येतो टॉर्चच्या एका सेलएवढा दाब! पण ५ नॅनोमीटरच्या पडद्याला तेवढाही सोसत नाही. एक व्होल्टपर्यंत पोचायच्या आतच पडद्यातले रेणू बाजूला सरकतात आणि पाण्याने भरलेली बारीक छिद्रं पडतात.

अण्णांना हे लगेच समजलं, माझ्या ट्रेनिंगमधल्या डॉक्टरांनाही इतकं पटकन समजलं नव्हतं. खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर दाब सोसेनासा झाला की त्याला वायरमन लोक ‘पंक्चर झाला’ म्हणतात. वरून अख्खा दिसतो, पण आतून वाट पडलेली असते. “तसंच हे,” मी म्हटलं, “फक्त तुमचा इन्सुलेटर पंक्चर झाला की बदलावा लागतो. पेशीचं आवरण काही मिनिटांत आपलं आपण बुजतं.”

“आपण हून?”

“आपण हून. आणि औषध आत अडकतं.”

यावर ते बराच वेळ “आयला” एवढंच म्हणत होते.

छिद्रं पडतात हे माहीत होऊन बरीच वर्षं झाली. एबरहार्ड नॉयमान या शास्त्रज्ञाने १९८२ मध्ये उंदराच्या पेशींत याच वाटेने बाहेरचा जनुक घालून दाखवला आणि इलेक्ट्रोपोरेशन हा शब्द रूढ झाला. औषधाची जोड द्यायचं काम जपानमध्ये ओकिनो आणि मोहरी यांनी १९८७ मध्ये उंदरांवर केलं, आणि जवळपास त्याच सुमाराला पॅरिसजवळच्या व्हिलज्युइफ इथल्या गुस्ताव्ह रुसी संस्थेत ल्युईस मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मीर यांच्या गटाने पेशींची दारं उघडून ब्लिओमायसिन दिलं तेव्हा त्याचा परिणाम शेकडो पटींनी वाढलेला दिसला. १९९३ मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचणीचा अहवाल छापून आला: डोक्या-मानेच्या कॅन्सरचे ८ रुग्ण, ४० गाठी, त्यांपैकी २३ पूर्ण नाहीशा झाल्या. हे सगळे बाकीचे उपाय संपलेले रुग्ण होते.

मग व्हिलज्युइफ, स्लोव्हेनियातलं ल्युब्लियाना, कोपनहेगन आणि आयर्लंडमधलं कॉर्क अशी चार केंद्रं एकत्र आली आणि २००६ मध्ये सगळ्यांना वापरता येईल अशी नियमावली छापली. कुठली सुई, किती व्होल्ट, किती पल्स, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी, सगळं तक्त्यात. मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती ही नियमावली. शोध लागतात, पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या ओटीत माझ्यासारखीने उभं राहून तेच काम तसंच करायचं तर कुणीतरी तक्ता करून द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये उपचारांची पारख करणाऱ्या नाइस या संस्थेने त्वचेतल्या गाठींसाठी याविषयी मार्गदर्शन काढलं ते मार्च २०१३ मध्ये.

आता ओटीत या.

पेशंट होत्या सत्तरीच्या एक बाई. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती, रेडिएशनही झालं होतं, आणि आता त्याच बाजूला छातीच्या कातडीवर गाठी परत आल्या होत्या. काही वाटाण्याएवढ्या, दोन फुटून त्यांची जखम झालेली. ऑपरेशनआधीच्या तपासणीला त्या भेटल्या तेव्हा अंगावर तीन थर कपडे होते, आणि मे महिना होता. बोलता बोलता म्हणाल्या, नातवंडं आली की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, खिडकी उघडी ठेवून. का, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

इथे आत्याबद्दल लिहायला हवं.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. तिला हेच झालं होतं, मी मिरजेला शिकत होते त्या वर्षी. दवाखान्याने ‘आता करण्यासारखं काही नाही’ म्हणून घरी पाठवलं. कुठल्या दवाखान्याने ते सोडा. त्यांच्याजवळ खरोखरच काही नव्हतं, पण ड्रेसिंग कसं करायचं एवढं तरी त्यांनी दाखवायला हवं होतं. छातीवर तळहाताएवढी जखम. सुट्टीला घरी गेले की ड्रेसिंग मी करायची. गॉज चिकटलेला असायचा. ओढला तर रक्त येई, म्हणून उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने आधी अर्धा तास भिजवायचा. मग मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दोन चमच्यांत दाबून त्याची पूड जखमेवर भुरभुरायची. वास त्याने खरंच कमी होतो. ही युक्ती मी एका जुन्या सिस्टरकडून शिकले होते. कमी होतो, जात नाही. आत्या पदराच्या गाठीला कापूर बांधून ठेवायची. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या ओसरीत बसायची, आत माजघरात यायची नाही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला मांडव घराच्या दारात होता, तरी ती आतल्या खोलीत कडी लावून बसली. दुखतंय असं ती फार वेळा म्हणाली नाही. “माणसांत बसवत नाही गं,” असं मात्र रोज म्हणायची.

त्या खिडकीजवळच्या खुर्चीचं ऐकलं आणि मला सोपा दिसला.

बाईंना भूल दिली. भूलतज्ज्ञ ऑक्सिजन मोजूनमापूनच देतात. ब्लिओमायसिन आणि भरमसाट ऑक्सिजन एकत्र आले की फुप्फुसांना धोका असतो. मग औषध नसेतून, शरीराच्या दर चौरस मीटरला १५,००० युनिट या हिशेबाने, एकदाच. मिरजेच्या त्या मुलांना सहा सायकलींत बारा वेळा जायचं ते हे औषध, इथे एकदा देऊन भागतं. फुप्फुसांची भीती त्यामुळेच खूप कमी होते.

इंजेक्शन संपलं की मी मोठ्याने वेळ सांगते आणि फळ्यावर लिहिते. नंतर आठ मिनिटं कुणी काही करत नाही. औषध रक्तातून गाठीच्या कानाकोपऱ्यात पोचायला तेवढा वेळ लागतो. आधी दार उघडलं तर दाराशी कुणी नसतं. फार उशिरा उघडलं तर औषध निघून गेलेलं असतं; नियमावलीने २८ व्या मिनिटापर्यंत काम उरकायला सांगितलंय. ओटीतली आठ मिनिटं फार लांब असतात. मॉनिटरची टिकटिक, व्हेंटिलेटरचा श्वास. सर्जन हात छातीशी धरून उभे. मी घड्याळाकडे बघत होते आणि डोक्यात मात्र मीठ-पाण्याचं पातेलं होतं.

“आठ.”

सुयांचं हँडल छातीवर टेकवलं, सुया गाठीच्या दोन्ही बाजूंनी आत गेल्या. सर्जननी पेडल दाबलं. आठही पल्स इतक्या झटपट जातात की सगळ्या मिळून सेकंदाचा शंभरावा भागही होत नाही, त्यामुळे स्नायू एकदाच आखडतो. पूर्ण भूल असूनही खांदा उडाला. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते पाहवत नाही, आमच्या नव्या मुलीने मान फिरवली. आवाज काही नाही, जळल्याचा वास नाही, ठिणगी नाही. स्क्रीनवर दोन रेषा उमटतात, एक व्होल्टेजची, एक करंटची. हँडल थोडं सरकवायचं, पुन्हा पेडल. असं चाळीस-एक वेळा.

मध्ये एका जागी करंटची रेषा फारच खाली राहिली. जुन्या रेडिएशनने तिथली कातडी चामड्यासारखी झाली होती, सुया पुरत्या आत गेल्या नव्हत्या. यंत्र पल्स देऊन मोकळं झालं होतं. रेषेकडे लक्ष नसतं तर आम्हीही पुढे गेलो असतो आणि तेवढा तुकडा जसाच्या तसा राहिला असता. सर्जननी सुया काढल्या, कोन बदलून परत घातल्या, पेडल दाबलं, आणि रेषा वर आली. अण्णांना ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. “लूज कॉन्टॅक्ट,” ते म्हणाले, आणि पुढे, “मीटर बघितल्याशिवाय काम झालं म्हणू नये.”

दुसरी एक गोष्ट त्या टेबलवर दिसली ती पुस्तकात वाचली होती, तरी बघून चकित झाले. फुटलेल्या गाठीतून सारखं रक्त पाझरत होतं. पल्स दिल्यावर त्या जागेचा रंग उतरून ती राखाडी-पांढरी पडली आणि रक्त थांबलं. पल्सने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बाहेरून नवं रक्त येत नाही, आतलं औषध वाहून जात नाही. गाठीला कुलूप लागल्यासारखं. हे कुलूपही थोड्या वेळाने सुटतं.

मग शेजारच्या चांगल्या कातडीचं काय? दार तिचंही उघडतं. पण ब्लिओमायसिन थोड्या प्रमाणात आत गेलं तर पेशी विभागायला जाते तेव्हा मरते. गाठीच्या पेशी सतत विभागत असतात, शेजारच्या बहुतेक शांत असतात. म्हणून गाठ गळते आणि कडेची कातडी टिकते. मला यातलं हे सर्वांत सुंदर वाटतं. गाठीची वाढायची हावच तिला संपवते.

ट्रेनिंगच्या दिवशी आम्हाला बटाटे दिले होते. कच्चा बटाटा अर्धा कापायचा, सुया खुपसायच्या, पल्स द्यायच्या, नाव लिहून ठेवून द्यायचा. त्या वेळी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सुयांच्या मधला भाग काळपट तपकिरी झालेला, कारण तिथल्या पेशी उघडून आतला रस हवेशी मिळाला. माझ्या बटाट्यावर सुयांच्या मध्ये नीट पट्टा होता, आणि दोन वेळच्या पट्ट्यांमध्ये नखाएवढी फट पांढरीशुभ्र. शिकवणाऱ्याने त्या फटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, कॅन्सर इथून परत येईल. तेव्हापासून हँडल सरकवताना आधीच्या खुणेवर थोडं चढतंय ना, हे मी सर्जनच्या खांद्यावरून बघते, आणि नसलं तर बोलते. (फ्रेंच फ्राइज करणाऱ्या मोठ्या कारखान्यांत बटाटे कापण्याआधी हेच करतात. पल्सने बटाटा मऊ होतो, पातं सरळ चालतं, तुकडे मोडत नाहीत.)

गुण किती येतो? वेगवेगळ्या ४४ अभ्यासांमधल्या १,८९४ गाठींचा एकत्र हिशेब २०१३ मध्ये छापून आला होता. त्यांपैकी ५९ टक्के गाठी पूर्ण गेल्या, आणि लहान झालेल्या धरून ८४ टक्क्यांवर परिणाम दिसला. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठींवर परिणाम कमी. आणि हे स्पष्ट लिहिते: जिथे सुया पोचल्या तिथेच हा उपचार लागू पडतो. हाडांत, फुप्फुसांत पसरलेला कॅन्सर याने जात नाही, त्याची औषधं वेगळी चालूच राहतात. पहिले काही आठवडे जखम उलट जास्त पाझरते, दुखते. बाईंना मी हे आधी दोनदा सांगितलं होतं, तरी दहाव्या दिवशी त्यांचा घाबरून फोन आलाच.

आता जनुकांचं. याच दारातून औषधाऐवजी डीएनए घालता येतो, आणि मला वाटतं पुढची मोठी मजल तिथेच आहे.

पण डीएनए हा काही ब्लिओमायसिनसारखा चटकन घुसणारा पाहुणा नव्हे. जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं, प्लास्मिड म्हणतात त्याला, ब्लिओमायसिनच्या दोन हजार पटींहून जड असतं. छिद्र पडलं तरी ते आपोआप आत जात नाही, त्याला ढकलावं लागतं. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे वीजच ते काम करते. आधी छोटी जोरदार पल्स दार उघडायला, मग कमी दाबाची पण कितीतरी लांब पल्स ढकलायला. डीएनए पेशीच्या ऋण इलेक्ट्रोडकडच्या बाजूला जाऊन आवरणाला चिकटतो आणि मग पेशी सावकाश त्याला आत ओढून घेते. आत गेला की पेशी स्वतःच त्या जनुकाबरहुकूम प्रथिन तयार करू लागते. म्हणजे औषध बाहेरून द्यायचं नाही, गाठीतच त्याचा कारखाना टाकायचा.

याचं मोल इंटरल्युकिन-१२ या प्रथिनाच्या कथेत कळतं. हे प्रथिन शरीराच्या संरक्षक पेशींना कॅन्सरवर धाडतं. १९९० च्या दशकात ते सरळ नसेतून दिलं गेलं, आणि एका चाचणीत १७ रुग्णांपैकी दोघे दगावले. अंगभर पसरल्यावर तेच प्रथिन विष झालं. २००८ मध्ये अमेरिकेत टँपा इथल्या मोफिट कॅन्सर सेंटरने वेगळी वाट दाखवली. मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरच्या २४ रुग्णांच्या गाठीत इंटरल्युकिन-१२ चा जनुक टोचून वर लगेच पल्स दिल्या. प्रथिन गाठीतच तयार झालं, अंगभर विषबाधा झाली नाही. आणि १९ रुग्णांच्या अंगावर हात न लावलेल्या, लांबच्या गाठीही होत्या; त्यांपैकी दोघांच्या त्या सगळ्या गाठी गेल्या. जिथे सुई टोचलीच नाही तिथल्या! इतर आठजणांचा आजार थांबला किंवा मागे हटला. १९ मध्ये दोन हा आकडा लहान आहे, आणि चाचणी पहिल्याच टप्प्यातली होती. पण ज्या गाठींपर्यंत सुया पोचत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायची ही वाट आहे, आणि ल्युब्लियानातल्या मंडळींनी हाच जनुक नव्या, जास्त सुरक्षित प्लास्मिडमध्ये घालून रुग्णांवर काम सुरूही केलंय.

कॅन्सरपलीकडचं एकच सांगते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा जनुक-दुरुस्तीचा पहिला उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. त्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, अशाच पल्सनी त्यांची दारं उघडून, दुरुस्तीचं साहित्य आत घालतात. गडचिरोली, नंदुरबारकडची किती घरं या आजाराने गांजली आहेत. त्यांना परवडेल अशा किमतीला ते कधी यावं, असं फार वाटतं.

बाई आठ आठवड्यांनी तपासणीला आल्या. मी मुद्दाम ड्युटी बदलून बाह्यरुग्ण विभागात गेले होते. काळी खपली बहुतेक गळून पडली होती, खाली नवी गुलाबी कातडी. एका कडेला बोराएवढी गाठ शिल्लक होती, तिच्यासाठी पुन्हा एकदा यायचं ठरलं. आणि सगळीकडे सुयांच्या तपकिरी खुणा उमटलेल्या, ब्लिओमायसिन टोचल्या जागी असा डाग ठेवून जातं. चार-चारच्या जोडओळी, पाभरीने पेरल्यासारख्या सरळ. अंगावर एकच पातळ ब्लाउज होता. बाई खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसल्या.

रविवारी अण्णांना हे सगळं सांगितलं. जखम केवढी होती, केवढी राहिली, खपली कधी पडली, ते एकेक विचारत गेले. मग थांबले.

“आणि वास?”

“नाही, अण्णा. वास गेला.”

“माणसांत बसत असतील मग,” ते म्हणाले.